पाचातून पाच

पारूबाईनं मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. बुडाला बोटं घासल्याचा खरखर आवाज आला.

"लाभ," म्हणत तिनं पहिली मूठ सुपात टाकली. धान्य मोजताना ती एक म्हणायची नाही. तिची सासूही म्हणायची नाही. "दोन. तीन. चार."

पाचव्या मुठीला हात थांबला. बुडाशी मूठभर ज्वारी राहिली होती. ती तिनं तशीच ठेवली अन् मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं.

"आजी, एक हाय की अजून," साखरा म्हणाली. सात वर्षांची पोर, तिचं पोट पाठीला लागलेलं.

"असू दे."

"कामून?"

"मडकं रितं करू न्हाई, बाय. रितं केलं की घर रितं होतं. उपास पडला तरी एक ठिवायची."

साखराला हे आईच्या दुधासोबत मिळालं होतं. तेलाच्या बुधलीत थेंब ठेवायचा, मिठाच्या गाडग्यात चिमूट. घागर पालथी घालायच्या आधी तांब्याभर पाणी काढून ठेवायचं. तिच्या जगात असं एकही भांडं नव्हतं की ज्यात काहीच उरत नाही.

कासारटेक हे जळकोटच्या अलीकडचं गाव. माळावर नुसता खडक. पाऊस हुकला तेव्हा लोक म्हणाले, होईल काहीतरी. पुढचाही हुकला तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. गावची विहीर आटली. बौद्धवाड्याला त्या विहिरीवर चढू देत नव्हते, वरून पाणी वाढायचे. आता वाढणारे अन् घेणारे दोघंही टँकरच्या एकाच रांगेत उभे होते. मग सरकारनं बौद्धवाड्याच्या खाली ओढ्याकाठी दुष्काळी कामातून नवी विहीर मंजूर केली. तिथं खडक फोडायला साखराचा आजा साहेबराव होता.

साहेबराव सुरुंगवाला. घणानं खडकात भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती काढायच्या, पेटवायच्या अन् दोराला धरून वर यायचं. एका भोकाला एक बार. सगळे बार उडाले की पहिला उतरायचा तोच. पहारीनं हलते दगड पाडायचा अन् मग बाकीच्यांना हाक मारायचा. सगळं आयुष्य यात गेलं अन् कानही गेले. आधी डावा, मग उजवा. आता कानाशी ओरडलं तरच थोडंफार कळायचं. बार तो तळपायानं मोजायचा, पण दोन बार लागोपाठ उडाले की पायाला एकच कळायचा. अन् न उडालेला बार खडकात तसाच असला, त्यावर पहार पडली, तर माणसाचं काय होतं ते त्यानं दोनदा गोळा करून पोत्यात भरलं होतं.

म्हणून त्याचे बार साखरा मोजायची. उन्हाळ्यात शाळा सकाळची अन् बार दुपारचे. शाळा सुटली की पोरगी थेट विहिरीवर यायची.

"माझे कान ती हाय," साहेबराव गावभर मोठ्यानं सांगायचा. बहिऱ्याला आपला आवाज केवढा ते कळत नाही.

*

लातूर जिल्हा नवा झाला होता. आधी उस्मानाबादहून कुणी फिरकत नव्हतं. आता लातूरहून जीप निघाली की जेवणाच्या आत दारात. कुठला साहेब कधी येईल अन् कुठल्या पोराला उभं करून काय विचारील, याचा भरवसा नव्हता. वरचा साहेब खालच्या साहेबाला झाडायचा, खालचा साहेब बसवराज गुरुजींना, गुरुजी लेकरांना. लेकरांच्या खाली कुणी नव्हतं, म्हणून लेकरं कुत्र्यांना दगडं मारायची.

गुरुजी उदगीरचे. अंगानं बारीक, धोतर स्वच्छ, हातात शेवरीची छडी. लेकरांनी बोटांवर मोजलेलं त्यांना चालत नसे.

"हात मागं!" ते वर्गात पाय ठेवताच ओरडायचे. सगळ्यांचे हात पाठीमागं जायचे. "गणित डोक्यात असतं, बोटात नसतं. साखरा, ऊठ. पाच आंबे होते. पाची खाल्ले. किती उरले?"

साखरापुढं मडकं आलं, मडक्याचं बूड आलं.

"एक," ती म्हणाली.

पोरं हसली.

"पाचातून पाच गेले गं. किती?"

"एक, गुरुजी."

"कुठून आला एक?"

"ठिवायचा असतो."

"कुणी ठेवला?"

"आजीनं."

आता वर्ग खदखदून हसला. गुरुजींना वाटलं, हसू आपल्यावर आलं. ते खाली उतरले.

"बोटं जुळव."

साखरानं पाची बोटांची टोकं एकत्र आणून वर धरली. छडी टोकांवर बसली.

"पाचातून पाच?"

"एक."

पुन्हा बसली.

"पाचातून पाच?"

पोरीला काय म्हणायचं ते कळेना. खरं तेच तर ती सांगत होती. तिसऱ्या छडीला मधल्या बोटाचं नख मधोमध काळं पडलं अन् ती खाली बसली. लघवी झाली. पोरं सरकून बसली.

*

रात्रीच्या भाकरीला तिनं हात लावला नाही. पंचफुलानं पोरीचा हात ओढून उजेडात धरला.

पंचफुला ही साहेबरावची लेक अन् साखराची माय. नवऱ्यानं जळकं लाकूड मांडीवर ठेवलं, त्या दिवशी पोरीला काखेत मारून माहेरी आली ती परत गेली नाही. सातवीपर्यंत शिकलेली. कामावर बायांची लेकरं सांभाळायला तिला घेतलं होतं. बाभळीच्या फांद्यांना झोळ्या टांगलेल्या, त्यांत तान्ही, अन् खाली मातीत मोठी लेकरं. सांभाळता सांभाळता ती त्यांना हिशेब शिकवायची.

"काय झालं?" साहेबरावनं विचारलं. पंचफुलानं पोरीची बोटं त्याच्यापुढं केली अन् हातानं छडीची खूण केली.

म्हातारा उठला, पहार उचलली अन् चालू लागला. पारूबाई पाठीमागं पळत गेली, दारात आडवी झाली, त्यानं तिला बाजूला ढकललं तर ती उंबऱ्यावर आपटली.

गुरुजी ईश्वरप्पाच्या दुकानापुढं बाकड्यावर बसले होते. साहेबराव पहार टेकून पुढं उभा राहिला.

"पोरीला कामून मारलं?"

"वजाबाकी येत नाही तिला," गुरुजी म्हणाले.

"काय?"

"वजाबाकी! पाचातून पाच गेले तर एक उरला म्हणते!"

"काय?"

ईश्वरप्पा गल्ल्यावरून ओरडला, "साहेबरावदादा, गुरुजी म्हनतेत, तुजी नात पाच आंबे खाऊन सावा हगती!"

दुकानापुढची माणसं हसून लोळली. साहेबरावला शब्द कळले नाहीत. तोंडं कळली. इतकी तोंडं एकदम उघडलेली बघून त्याला काय करावं सुचेना. पहार तशीच घेऊन तो माघारी आला अन् दारात उभ्या पंचफुलाच्या कानाखाली त्यानं ठेवून दिली.

"तूच शिकवलं तिला. उलटंपालटं शिकवलं."

"म्या बराबर शिकवलं, बा." ती कान धरून त्याच्या कानाशी ओरडली. "ती तुजे बार बराबर मोजती का न्हाई?"

म्हातारा खाली बसला. पोरीचा हात हातात घेऊन काळं नख बघितलं.

"बराबरच मोजती," तो म्हणाला. "न्हाईतर म्या बसलो नसतो हितं."

*

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली पंचफुलानं लेकरं गोळा केली. खडीचे ढीग घातले.

"आठ अन् पाच किती?"

पंढरी नावाचं शेंबडं पोर एकापासून मोजायला लागलं.

"थांब. आठ मोजून झालेत ना? मग परत कामून मोजतो? घरातून निघाला, ओढ्यापतोर आला, तर शेताला जायला परत घरी जाशील का?"

"माय भाकर इसरली तर जावं लागतं," पंढरी म्हणाला.

"बस गुमान. आठ डोक्यात ठिव. आता पाचातले दोन उचल, आठाला दे. किती झाले?"

"धा."

"पाचातले मागं किती राहिले?"

"तीन."

"धा अन् तीन?"

"तेरा!" पाच-सहा तोंडं ओरडली. झोळीतलं एक पोर दचकून रडायला लागलं. पंचफुलानं पायानंच झोळीला झोका दिला.

"आता मला बारा खडे पाहिजेत, हायेत नऊ. उलटं मोजत बसू नका, नवावर चढा. धा, अकरा, बारा. किती चढला?"

"तीन."

"मग कमी किती होते?"

"तीन!"

नंतर तिनं साखराला एकटीला जवळ घेतलं. तिच्या मुठीत पाच खडे ठेवले.

"हे बग. मडक्यात एक ऱ्हाती, कामून? तर आजी ठिवती म्हनून. आपण ठिवली तरच ऱ्हाती. आंबे कुणी ठिवले न्हाईत, मग ऱ्हानार न्हाईत. मूठ रिती. त्याला शून्य म्हन्तेत."

"अन् बार?"

"बारबी कुणी ठिवत न्हाई. साहेब म्हनले, गुरुजी म्हनले, देव म्हनला तरी न्हाई. एक वाजला की एक खडा खाली टाक. मुठीत राहिलं ते हिरीत राहिलं. मूठ रिती झाली की आज्याला तळवा दाव. मुठीत खडा असला तर?"

"खडा दाव."

"तोंडानं सांगू नको. त्याला ऐकू येत न्हाई. हात दाव."

साखरा तेवढा वेळ काळ्या नखानं खडे चाचपत होती. "पन गुरुजी म्हन्तेत हात मागं."

"शाळंत मागं. हिरीवर पुढं."

*

त्या आठवड्यात विहिरीला दगड फार कडक लागला. साहेबराव अन् सिद्धराम दोघं दिवसभर घण मारायचे. सिद्धराम तरणा होता, तरी त्याच्या तळव्यांची सालं निघाली. तो हातावर मुतून परत घण उचलायचा. मुकादम रामकिशन वरून शिव्या मोजायचा. साहेब पाणी बघायला येणार होता अन् पाण्याचा पत्ता नव्हता.

एका दुपारी सहा बार भरले. साहेबराव वाती पेटवून वर आला, पोरीशेजारी लिंबाच्या खोडाआड बसला. खडक थरथरला. दगड आभाळात गेले, पानांतून खाली आले. साखरा एकेक खडा टाकत होती. मग शांत झालं. धुराळा बसला.

साखरानं हात पुढं केला. तळव्यावर एक खडा होता.

"मुका बार हाय," साहेबराव ओरडला. "आज कुनी उतरायचं न्हाई."

"कशाचा मुका?" रामकिशन धावत आला. "साही वाजले. म्या मोजले."

"पोरगी एक म्हन्ती."

"ती सदाच एक म्हन्ती! शाळंतबी एकच म्हन्ती! तुझ्या भाद्दर पोरीपायी माझा दिवस बुडवतो का?"

साहेबराव हलला नाही. रामकिशननं त्याला काही केलं नाही. त्यानं पोरीच्या हातावर लाथ मारली. खडा उडून झुडपात गेला. पंचफुला झोळ्या सोडून आली, तर तिला केसांना धरून फिरवली अन् खडीच्या ढिगात लोटली. तिचा गुडघा फुटला. बाया बघत होत्या. बायांची हजेरी रामकिशनच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी साहेबराव घागरभर गढूळ पाणी घेऊन एकटा उतरला. कोपऱ्यातल्या भोकात वात तशीच होती, अर्धी जळलेली. सहावा बार खडकात जिवंत होता. त्यानं तो पाणी ओतून ओतून मारला. वर येऊन त्यानं पोरीला उचलली, खांद्यावर बसवली अन् वाड्याला फेरी मारली.

रामकिशनला हे झोंबलं. संध्याकाळी ईश्वरप्पाच्या दुकानापुढं तो गुरुजींना म्हणाला, "तुमची ती इद्यार्थीन कामाचा बट्ट्याबोळ करून राहिली, गुरुजी. कितीबी गेले तरी एक उरला म्हन्ती. साहेबापुढं असंच म्हनली तर? तुमचीबी नोकरी जाईल अन् माझीबी."

गुरुजींनी पानाची पिचकारी टाकली. "उद्या बघतो," ते म्हणाले.

उद्या त्यांनी बघितलं. साखराला फळ्यापुढं उभं केलं, हात मागं बांधायला तिच्याच फ्रॉकचा बंद काढला.

"पाचातून पाच?"

पोरगी आता शून्य शिकली होती. मायनं सांगितलेलं तिला नीट आठवत होतं. पण ते खड्यांचं होतं, हातांचं होतं. हात बांधलेले, पाठीमागं काही नाही, पुढं छडी. भीतीनं तिच्या तोंडून जुनंच निघालं.

"एक."

गुरुजींनी पोटऱ्यांवर मारलं. मग मांड्यांवर. शून्य म्हण म्हणाले. तिनं शून्य म्हटलं. परत विचारलं, परत शून्य म्हटलं, तरी मारलं, कारण आवाज बारीक होता. मोठ्यानं म्हणाली. सगळ्या वर्गाकडं तोंड करून म्हणाली. पोरं मोजायची विसरली. शेवटी छडी नुसती हलली तरी तिच्या तोंडातून शून्य, शून्य, शून्य असं आपोआप गळायला लागलं, जसं तापात माणूस बरळतं.

"बघा," गुरुजी घाम पुसत वर्गाला म्हणाले, "आलं का नाही?"

*

साहेब आला तो बाजाराचा दिवस होता. जीप ओढ्याच्या अलीकडं थांबली. साहेबाबरोबर टँकरही आला. साहेब असला की टँकर वेळेवर यायचा. वाड्यातल्या अन् गावातल्या सगळ्या बाया घागरी घेऊन पळाल्या.

विहिरीत पाच बार भरून तयार होते. साहेबापुढं उडवायचे म्हणून रामकिशननं सकाळपासून थांबवून ठेवले होते.

पंचफुलानं पोरीच्या मुठीत खडे ठेवले. "पाच. बगून घे. म्या पानी भरून येते. न्हाईतर आज बी कोरडं ऱ्हावं लागंल." मग परत वळून म्हणाली, "हात दाव. तोंडानं न्हाई."

साखरानं मान हलवली. पोटऱ्यांवर वळ होते, ते तिनं मायला दाखवले नव्हते.

टँकरपाशी रांग नव्हती, झोंबी होती. वाड्याच्या घागरी मागं सारून गावच्या बाया पुढं घुसत होत्या. गौरम्मा सगळ्यांत पुढं, तिच्या कमरेला पितळेची कळशी.

"काय गं पारू," ती म्हणाली, "तुमच्या हिरीला पाणी लागलं की आमाला वाढा हं वरून."

"वाढू की, गौरम्मा," पारूबाई म्हणाली. "ओंजळ करून लांब बसा. लांबूनच वततो, शितोडे उडायचे न्हाईत."

वाड्याच्या बाया हसल्या. गौरम्माचं तोंड लाल झालं. तिनं कळशी फिरवली ती पारूबाईच्या जबड्यावर बसली. दात पडल्याचा आवाज पंचफुलानं ऐकला. पुढचं तिला नीट आठवत नाही. तिनं गौरम्माचा अंबाडा धरला, कुणीतरी तिचा धरला. मातीच्या घागरी फुटल्या. पाणी चिखलात चाललं अन् बाया त्या चिखलात एकमेकींना दाबत होत्या. त्या गलक्यात विहिरीकडं बार सुरू झाले. पंचफुलानं एक ऐकला, दुसरा ऐकला. मग तिच्या कानावर कुणाचा तरी गुडघा बसला.

इकडं लिंबाआड साखरानं एक खडा टाकला. दुसरा टाकला. तिसरा अन् चौथा बार जोडीनं उडाले, तरी तिनं दोन टाकले. पाचव्याची वाट बघत ती बसली. धुराळा खाली आला. पाचवा खडा मुठीत होता.

"पाची वाजले, साहेब," रामकिशन म्हणाला.

"पाच झाले?" साहेबानं रुमाल नाकावरून काढला. "मग बघू द्या खाली पाणी बिणी लागलंय का."

साहेबराव पहार घेऊन उभा राहिला. नातीकडं वळला. "पोरी, मूठ दाव."

साखरानं हात उचलला, तेवढ्यात साहेबाच्या बाजूनं आवाज आला.

"हात मागं!"

गुरुजी छत्री काखेत घेऊन उभे होते. दुसऱ्या हातात छडी. साखराचे दोन्ही हात पाठीमागं गेले. तिनं नेले नाहीत, ते गेले.

"आमच्या शाळेतली आहे, साहेब. बौद्धवाड्यातली. तोंडी गणित करते. विचारू?" गुरुजी पुढं वाकले. छडीचं टोक जमिनीवर हललं. "साखरा, पाच बार होते. पाची गेले. पाचातून पाच, किती?"

खडा तिच्या तळव्यात रुतला होता. तिनं गुरुजींकडं बघितलं नाही, आज्याकडं बघितलं नाही. छडीच्या टोकाकडं बघितलं.

"शून्य."

"शाबास," साहेब म्हणाला.

"काय म्हनली?" साहेबराव ओरडला. "मूठ दाव की गं."

रामकिशननं त्याच्या कानात तोंड घातलं. "काही न्हाई म्हनली! शून्य! उतर आता, साहेब उभा हाय!"

"हात दावू दे तिला."

"अहो आजोबा, एवढ्या लोकांसमोर बरोबर सांगितलं तिनं," गुरुजी म्हणाले. "सांग गं, आज्याला सांग."

छडी हलली.

"शून्य, आजा. शून्य. शून्य."

साहेबरावनं तिच्या ओठांकडं बघितलं. हा शब्द त्यानं तिच्या ओठांवर कधी बघितला नव्हता. तो दोन पावलं तिच्याकडं आला. रामकिशननं त्याचा खांदा धरून त्याला विहिरीकडं फिरवलं अन् पाठीत हात घातला. साहेब घड्याळ बघत होता. म्हाताऱ्यानं एकदा मागं वळून बघितलं, मग दोर धरला. ही पोरगी चुकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पहारीचा आवाज आला. एकदा. दोनदा.

टँकरपाशी पंचफुलाच्या छातीवर गौरम्मा बसली होती. जमीन हलली. दोघींचे हात थांबले. गौरम्माच तिच्या अंगावरून उठली.

"पळ," गौरम्मा म्हणाली. "पळ गं."

*

पंचफुला आली तेव्हा विहिरीतून पिवळा धूर निघत होता. दोराचं वरचं टोक खुंटीला होतं, खालचं नव्हतंच. सिद्धराम दुसऱ्या दोरानं उतरला होता. वर सगळे वाकून उभे होते.

"काय दिसतंय?" रामकिशननं विचारलं.

मग सिद्धरामचा आवाज आला, फाटलेला.

"पानी लागलंय. पानी... वर येऊन राहिलं पानी."

वर कुणीतरी टाळी वाजवली. कुणी ते नंतर कुणी कबूल केलं नाही.

"अन् बा?" पंचफुला किंचाळली. "माझा बा?"

"पोतं टाका," सिद्धराम म्हणाला.

पंचफुला लिंबाकडं वळली. साखरा तिथंच उभी होती, हात मागं, तोंडावर धूळ. पायाशी चार खडे पडले होते. पंचफुलानं तिचे हात पुढं ओढले. मूठ उघडेना. बोटं पांढरी पडली होती. फटीतून खडा दिसत होता.

"दावली कामून न्हाईस? साखरे! दावली कामून न्हाईस?"

पोरीचे ओठ हलत होते. शून्य, शून्य.

"मी बरोबरच विचारलं," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी ते साहेबाला सांगत होते. "तिनंही बरोबरच सांगितलं. पाचातून पाच शून्यच होतात. सगळ्यांनी ऐकलंय."

पंचफुलानं त्यांच्या हातातली छडी कशी घेतली ते त्यांनाही कळलं नाही. पहिला फटका तोंडावर बसला. टोपी उडाली.

"पाच भरले, चार वाजले. किती?"

"अगं बाई—"

दुसरा कानावर.

"किती?"

"एक," गुरुजी म्हणाले.

तिसरा त्याच तोंडावर. "मोठ्यानं!"

"एक! एक!"

"हात मागं!" ती ओरडली. गुरुजींचे हात खरंच मागं गेले. मग ती मारत राहिली. छडी मोडली, बुडख्यानं मारलं. बुडखा उडाला, हातानं मारलं. गुरुजी गुडघ्यांवर आले, धोतर रक्तानं भरलं. रामकिशन पुढं झाला, तर टँकरवरून तिच्या मागं पळत आलेल्या बायांनी कामावरची खोरी उचलून त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो थांबला. साहेब जीपमध्ये बसून काच वर करत होता.

"एक!" गुरुजी रडत होते. "एक! बाई, एक!"

साखरा हे बघत होती. मोठं माणूस उत्तर देत होतं अन् तरी मार थांबत नव्हता. असं होतं, हे तिला माहीत होतं. पण इथं उत्तर चुकत होतं, म्हणून थांबत नव्हता. पाचवा बार आता वाजला होता. खडा मात्र अजून तिच्याच हातात होता.

ती विहिरीच्या काठाशी गेली. हात पुढं केला अन् एकेक करून बोटं सोडली. खडा खाली गेला. बऱ्याच खाली, दगडावर दगड आपटल्यासारखं नव्हे, पाण्यात पडल्यासारखं वाजलं.

"माय," ती म्हणाली, "नको मारू. आता शून्य झालं."

अन् तिनं उघडा तळवा विहिरीवर धरला, आज्याला रोज दाखवायची तसा, त्याला नीट दिसावा म्हणून खाली वाकून.